नाव ठेवायला कीर्तिपूरला

हर्सूलच्या पुढं एका शाळेत मी भूगोल शिकवते. हिमालय मी फळ्यावर इतक्यांदा काढलाय की डोळे मिटूनही काढीन. पण खरं सांगायचं तर उत्तरेला माझी स्वतःची मजल जळगावच्या पुढं कधी गेली नव्हती. या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गेली आणि एकदम नेपाळात गेली, काठमांडूला लागून असलेल्या कीर्तिपूर नावाच्या गावात. कशाला, तर एका मुलीचं नाव ठेवायला. परत आल्यापासून पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत जो तो विचारतो, "मंदाताई, नाव ठेवायला कुणी एवढं लांब जातं का? आम्ही तर इथं ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीला नावं ठेवतो!" एकेकाला सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून लिहून काढते.

मुलगी माझ्या धाकट्या भावाची, संदीपची. तो वाळूजच्या एका कंपनीत होता. बाटल्या भरायचं मशीन बसवायला कंपनीनं त्याला काठमांडूला पाठवलं. मशीन बसलं, आणि संदीपही तिथंच बसला. रोशनी महर्जन नावाच्या तिथल्या नर्सशी त्यानं लग्न केलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच वेळी निघाल्यामुळं आमच्यापैकी कुणी गेलं नाही. नंतर दोघं येऊन राहून गेले. रोशनीला तेव्हा मराठीचं एकच वाक्य येत होतं, "जेवलात का?" ते ती दिवसभर सगळ्यांना विचारायची. पाण्याच्या टँकरवाल्यालाही विचारलं तेव्हा तो इतका गहिवरला की त्यानं आमच्या टाकीत दोन बादल्या जास्त सोडल्या. त्या दिवसापासून आईचा सुनेवरचा सगळा राग गेला.

मग एप्रिलात संदीपचा फोन आला. "ताई, पोरगी वर्षाची व्हायला आली आणि अजून ती कुणाचीच नाही."

"कुणाचीच नाही म्हणजे? तुझी आहे ना?"

"माझी आहे गं. पण देशाची नाही."

मग त्यानं समजावून सांगितलं. रोशनीच्या देशात आई तिथली आणि बाप परदेशी असला, तर मूल आपोआप तिथलं नागरिक होत नाही. तिथंच राहायचं, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घ्यायचं नाही, सोळा वर्षांचं झालं की अर्ज करायचा. आपल्याकडं बाप भारतीय असला तर चालतं, पण मूल बाहेर जन्मलं असेल तर वर्षाच्या आत आपल्या दूतावासात त्याची नोंद करावी लागते. वर्ष उलटलं की कागद दिल्लीला परवानगीसाठी जाणार, आणि मग कधी येतील याचा भरवसा नाही.

"मग कर की नोंद! हातपाय बांधलेत का तुझे?"

"नोंदीला जन्मदाखला लागतो. दाखल्याला नाव लागतं. आणि नावच ठेवलेलं नाही."

फोन स्पीकरवर होता. आई पलंगावरून ओरडली, "कामून? अकरा म्हैने काय करत व्हता मग?"

"आई, रोशनीकडं नाव बापाच्या बहिणीनं ठेवायचं असतं. निनि म्हणतात तिला. हिचे वडील म्हणाले, निनि येईपर्यंत थांबू. ताई आज येईल, उद्या येईल करता करता राहूनच गेलं."

आई माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्यात बी आत्याच ठेवती. लई शहाणी माणसं दिसत्यात ती. मंदे, तू जा."

निघताना तिनं बजावलं की नाव रुक्मिणीच ठेवायचं, तिच्या आईचं. क्रांती चौकातून घेतलेल्या माझ्या नव्या बॅगेत निम्मी जागा ज्वारीच्या पिठानं घेतली. सुनेला तिकडं भाकरी मिळत नसेल, ही आईची काळजी. रोशनीनं आमच्याकडं भाकरी एकदाच खाल्ली होती आणि त्यानंतर ती फक्त भात मागत होती, हे मी आईला सांगितलं नाही.

सोनौली

मनमाडहून गोरखपूर आणि गोरखपूरहून बसनं सोनौली, या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की उन्हाळ्यात कुणी करू नये.

सोनौलीला सीमा आहे. मुलांना शिकवताना मी सीमा लाल खडूनं काढते, तुटक तुटक रेघ. इथं एक कमान होती आणि कमानीखालून सायकली, रिक्षा, कोंबड्यांच्या टोपल्या आणि डोक्यावर गाद्या घेतलेली माणसं बाजाराला चालल्यासारखी इकडून तिकडं जात होती. मी सगळी ओळखपत्रं गळ्यातल्या पिशवीत घालून सज्ज होते. कुणी मागितलीच नाहीत. मला वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा देश ओलांडते आहे आणि कुणी विचारत नाही!

विचारलं ते बॅगेबद्दल. पलीकडच्या एका गणवेशातल्या जवानानं चेन उघडली आणि पांढरी पुरचुंडी दाबून पाहिली. "यो के हो?"

"ज्वारी. आटा." मी म्हणाले.

त्यानं वास घेतला. सोबतच्याला बोलावलं. त्यानंही वास घेतला. मग ठेच्याचा डबा निघाला. झाकण उघडून पहिल्यानं जोरात श्वास ओढला आणि तो दोन पावलं मागं जाऊन शिंकायला लागला. एक, दोन, थांबेनाच. डोळ्यांतून पाणी. दुसरा हसून हसून भिंतीला टेकला. शिंकणाऱ्यानं हातानंच मला जायची खूण केली. मी नेपाळात शिरले ती अशी.

कीर्तिपूर

कीर्तिपूर टेकडीवर आहे. विटांची उंच घरं, कोरलेल्या लाकडी खिडक्या, आणि गल्ल्या इतक्या चढाच्या की मी दर वळणावर थांबून कोरीव काम बघत असल्याचं सोंग केलं. खाली भाताची खाचरं, लांबवर जांभळ्या फुलांनी भरलेली झाडं. हिमालय दिसेल म्हणून मी मान उंच करकरून पाहिलं. उन्हाळ्यात धुक्यामुळं तो दिसत नाही, असं संदीपनं सांगितलं. फळ्यावरचाच बरा.

दारात रोशनीचे वडील उभे होते. शेतकरी माणूस, डोक्यावर टोपी, पायात स्लीपर, कडेवर माझी भाची. त्यांना सगळे बा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी मला दोन्ही हात जोडले आणि पोरीला म्हणाले, "नानी, हेर, निनि आइन्!"

मी गोंधळले. हिंदीत नानी म्हणजे आईची आई. ती तर, संदीपनं सांगितल्याप्रमाणे, कधीच वारली होती. मी हळूच त्याला विचारलं, "नानी कुठंय?"

"हीच नानी."

"ही तर पोरगी आहे!"

"अगं ताई, इथं लहान मुलाला नानी म्हणतात. आणि तू निनि."

म्हणजे मी निनि आणि ती नानी. पहिले काही दिवस घरात कुणीही हाक मारली की मीच धावायचे, आणि दर वेळी कळायचं की दुसऱ्याच कुणाचा लंगोट बदलायचा आहे.

मला वाटलं होतं परक्या देशात सगळं वेगळं असेल. सकाळी उठून खिडकीतून पाहिलं तर खाली पाण्याचा टँकर, पाइप कुणी आधी लावायचा यावरून दोन बायकांची जुंपलेली, आणि तिसरी गुपचूप आपली घागर भरून घेणारी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी पुंडलिकनगर! मी बादली घेऊन खाली उतरले आणि आमच्या सवयीनं त्या तिसरीच्या मागं उभी राहिले.

जेवणाचं मात्र जुळायला वेळ लागला. त्यांच्याकडं नाश्त्याला पोहे असतात, पण कोरडेच. फोडणी नाही, भिजवणं नाही, मूठभर पोहे आणि बाजूला बटाट्याची तिखट भाजी, भाजलेलं सोयाबीन. मी एक घास घेतला आणि तो बराच वेळ चावत राहिले. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि कांदा घालून पोहे केले. बांनी ते चाटूनपुसून खाल्ले, छान झालेत म्हणाले आणि मग विचारलं, "अब बजी दीजिए." बजी म्हणजे पोहे. त्यांच्या मते मी भाजी केली होती.

तिसऱ्या दिवशी संदीपनं मोमो खायला नेलं. पाटीवर लिहिलं होतं, 'भेज मोमो, चिकन मोमो, बफ मोमो'. आपले उकडीचे मोदक वाफेवर करतात. बफ म्हणजे वाफ, हे मला लगेच कळलं. हे असे शब्द थोडे बदलतात एवढंच. मी मोठ्या ऐटीत बफ मोमो मागवले. पहिली प्लेट संपली, इतके चांगले होते की दुसरी मागवली. तीही संपत आल्यावर मी म्हणाले, "आत काय घालतात रे? लुसलुशीत लागतंय."

संदीप फोनवर बोलत होता. तो ठेवून म्हणाला, "म्हैस."

आमचं घराणं गवळ्याचं. हर्सूलला आमच्या गोठ्यात आजही म्हशी आहेत आणि एकीचं नाव माझ्यावरून मंदा आहे. मी उरलेल्या मोमोकडं पाहिलं. मोमोनं माझ्याकडं पाहिलं. त्या दिवसापासून मी वाफेवरचं काहीही खाताना आधी चौकशी करते. आईला अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कुणी सांगू नये.

ठ

नाव ठेवणं सोपं असतं, असं मला वाटत होतं. रुक्मिणी म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

पण बांनी ज्योतिषाकडून अक्षर काढून आणलं होतं. अक्षर होतं ठ.

"ठ?" मी म्हणाले.

"ठ," बा गंभीरपणे म्हणाले. त्यांनी नाव पण काढलं होतं, ठूली. म्हणजे थोरली. रोशनीनं कपाळावर हात मारून घेतला. तिला आणि संदीपला मायरा ठेवायचं होतं. संदीपच्या ऑफिसात आधीच दोन मायरा आहेत, पण त्यानं त्यांना फरक पडत नव्हता.

मी आईला फोन लावला. "आई, पत्रिकेत ठ आलाय."

"मग बरंच झालं की. ठकूबाई ठेवा."

"ठकूबाई?"

"माझ्या बापाची बहीण व्हती ठकूबाई. लई खमकी. गावच्या पाटलाच्या मागं काठी घेऊन लागली व्हती." आईच्या आवाजात इतका उत्साह आला की रुक्मिणी तिथल्या तिथं बाद झाली. "ठकू म्हण. ठकूच ठेव. माझी आण हाय तुला."

म्हणजे आता ठकू, ठूली आणि मायरा. संध्याकाळी तिन्ही पक्ष जेवायला बसले. बा म्हणाले, मायरा हे नाव ऐकून पोर मोठेपणी घर सोडून जाईल. संदीप म्हणाला, ठकू हे नाव ऐकून ती आत्ताच जाईल. ठूलीबद्दल रोशनी बोललीच नाही, नुसती भात वाढत राहिली, आणि बांच्या ताटात डाळ वाढायची विसरली. नाव ठेवायचा मान माझा होता, पण मत मला कुणी विचारत नव्हतं.

मधल्या वेळात आम्ही पोरीचा पासपोर्टचा फोटो काढायला गेलो. नाव नसलं तरी तोंड तर होतं. बाजारात एक लहानसा स्टुडिओ होता. नियम असा की मागं पांढरा पडदा, दोन्ही डोळे उघडे, तोंड बंद, समोर बघायचं आणि फोटोत दुसऱ्या कुणाचा हात दिसता कामा नये. स्टुडिओवाला हे नियम वाचून दाखवत असताना पोरगी त्याची टोपी चावत होती.

पहिल्या फोटोत तिचे डोळे मिटलेले. दुसऱ्यात डोळे उघडे, पण तोंडही उघडं, टाळूपर्यंत. तिसऱ्यात माझा हात. मग मला पांढऱ्या चादरीखाली लपवून तिला माझ्या मांडीवर बसवलं. फोटो छान आला, पण पोरीच्या मागं चादरीतून माझ्या नाकाचा आकार स्पष्ट दिसत होता. बा खुळखुळा वाजवायचे, ती हसायची. खुळखुळा बंद केला की भोकाड. संदीप घामाघूम. रोशनी बाहेर जाऊन उभी राहिली.

शेवटी मी समोर जाऊन उभी राहिले आणि काही सुचेना म्हणून, सवयीनं, वर्गात म्हणते तशी सुरुवात केली, "महाराष्ट्रातल्या प्रमुख नद्या. गोदावरी, तिच्या उपनद्या पूर्णा, मांजरा, दुधना..."

पोरगी गप्प झाली. तोंड मिटलं. डोळे उघडे, पण त्यांत काही भाव नाही. माझ्या वर्गात दुपारच्या तासाला साठ चेहरे अगदी असेच असतात.

"थांबू नको ताई!" संदीप कुजबुजला.

"कृष्णा, कोयना. भीमा, तिला मिळणाऱ्या मुळा-मुठा, इंद्रायणी, नीरा..."

फोटो निघाला. उत्तम निघाला. पण बांनी खुळखुळा खाली ठेवला होता आणि ते माझ्याकडं बघत होते. "निनि, अभी क्या बोला आपने? इन्द्रायणी?"

"हो. आमच्याकडची नदी आहे."

"नदी?" ते हसले. "वो तो हमारी देवी है!" आणि मला हाताला धरूनच बाहेर घेऊन निघाले.

गावाच्या खालच्या अंगाला इंद्रायणीचं देऊळ आहे. तिची वर्षातून एकदा जत्रा भरते, पालखी निघते, अख्खं गाव लोटतं. हे बा सांगत होते आणि मी चपला हातात घेऊन उभी होते. आयुष्यभर जे नाव नकाशात एक निळी रेघ म्हणून शिकवलं, त्याच्यासमोर इथं बायका दिवे लावत होत्या. मी हात जोडले. मागून रोशनी आली, तिच्या खांद्यावर पोरगी झोपून गेलेली. ती नुसतं एकदा म्हणून बघावं तसं म्हणाली, "इंद्रायणी."

बांनी देवीला हात जोडले. मग म्हणाले, पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं असलं तरी चालतं. ठूली पत्रिकेत राहील, भटजीला आणि त्यांना दोघांनाच माहीत. मी आईला फोन केला. तिनं देवळाची सगळी चौकशी केली. मग म्हणाली, "देवीचं हाय म्हणतीस? मग ऱ्हाऊ दे. पर मी ठकीच म्हणन."

बारसं

बारशाच्या दिवशी मी एक चूक केली. आमच्याकडं आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, हे मी आदल्या दिवशी कौतुकानं शेजारणींना सांगून ठेवलं. कीर्तिपूरच्या बायका शेतात राबणाऱ्या. डोक्यावरून भाताचे भारे वाहणाऱ्या. त्यांना ही चाल फारच आवडली.

मी वाकले, पोरीच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र" म्हणाले आणि पाठीत पहिला धपाटा बसला. इंद्रायणीतलं "इंद्रा" माझ्या तोंडून निघालं आणि "यणी" थेट जमिनीवर. पुढचे दोन दिवस मी उताणी झोपू शकले नाही. पोरगी मात्र आयुष्यात पहिल्यांदा खदखदून हसली असं सगळ्यांचं मत पडलं.

नाव झालं तसा दाखला लगेच निघाला. वडा कार्यालय, म्हणजे आपलं वॉर्ड ऑफिस, घरापासून जवळच होतं. दाखला हातात आला आणि मी वाचून किंचाळले. "संदीप! हिचा जन्म अजून व्हायचाय! पन्नासच्या वर वर्षं आहेत!" कचेरीतली सगळी माणसं बघायला लागली. टेबलामागच्या बाईंनी शांतपणे कागद उलटा करून इंग्रजी तारीख दाखवली. त्यांच्याकडं विक्रम संवत चालतो, तो आपल्यापेक्षा पुढं असतो. बाई म्हणाल्या, भारतातून येणारं कुणी ना कुणी दर आठवड्याला असं ओरडतंच.

दूतावास

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण त्या संध्याकाळी संदीपनं दूतावासात द्यायचे कागद वाचून दाखवले. त्यात आईबापांनी लिहून द्यायचं होतं की मुलीकडं दुसऱ्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट नाही.

बांनी ताट बाजूला सारलं. "मतलब, ये हमारी नहीं?"

"बा, हिचं घर इथंच आहे," संदीप म्हणाला. "फक्त कागद..."

"सोळा वर्षं थांबू." बा म्हणाले. "मग हिला आमचा कागद मिळेल. सोळा वेळा भात लावला की सोळा वर्षं झाली."

रोशनी हळू आवाजात म्हणाली, "आणि तोवर ती शाळेत कोण म्हणून जाईल, बा? आजारी पडली, कुठं न्यावं लागलं, तर कोण म्हणून?"

बा उठले आणि खाली शेताकडं निघून गेले. दुसऱ्या दिवशी दूतावासात जायला आम्ही निघालो तेव्हा मात्र ते इस्त्रीचा कोट घालून दारात उभे होते. पोरगी त्यांच्याकडून कुणाकडंच जाईना, त्यामुळं त्यांना न्यावं लागलंच असतं.

आमच्या खिडकीवरच्या अधिकारी बाई कानपूरच्या होत्या. त्यांनी सगळे कागद तपासले. फोटो पाहून म्हणाल्या, "अरे वाह, इतनी सीरियस बच्ची!" मी नद्यांबद्दल काही बोलले नाही. संदीपनं सही केली. मग कागद रोशनीपुढं आला.

तिनं पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. मागं रांग होती. कुणीतरी खाकरलं. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "दिदी, इथं लिहिलंय, दुसरा देश." तिचं मराठी एव्हाना पुष्कळ सुधारलं होतं. "दुसरा देश म्हणजे माझा देश."

सीमेबद्दल मी मुलांना कितीतरी धडे शिकवलेत, पण हा कुठल्या धड्यात नव्हता. माझं अख्खं आयुष्य एकाच शहरात गेलेलं. तिला मी काय सांगणार होते? अधिकारी बाईंनी पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला आणि म्हणाल्या, "आराम से. कोई जल्दी नहीं।" मागच्या रांगेकडं त्यांनी असं पाहिलं की खाकरणं थांबलं.

तेवढ्यात बा पोरीला घेऊन पुढं आले. लेकीच्या शेजारी उभे राहिले, कागद पाहिला आणि त्यांच्या नेवारी भाषेत काहीतरी म्हणाले. एकच वाक्य. रोशनी फस्सकन हसली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, ते तिनं मनगटानं पुसलं आणि सही केली.

बाहेर आल्यावर मी संदीपला विचारलं, बा काय म्हणाले.

"म्हणाले, सही नीट कर. शाळेत असताना तुझं अक्षर फार वाईट होतं."

परतीची वाट

नोंद झाली, आणि शाळा उघडायच्या आधी पासपोर्टही हातात आला. पहिला वाढदिवस आईसमोर करायचा, असं ठरलं. संदीप, रोशनी, पोरगी आणि मी सकाळच्या बसला बसलो. बा निरोप द्यायला आले होते. पोरगी त्यांच्या कोटाला घट्ट धरून होती.

"कलंकीपर्यंत येतो," बा म्हणाले आणि वर चढले. कलंकी म्हणजे शहराबाहेर पडायचा नाका. तिथं बस थांबली. पोरगी त्यांच्या मांडीवर झोपली होती. "उठवायला नको," ते म्हणाले. पुढं घाटात ती उठली, पण आता बस मध्येच थांबणार नव्हती. नारायणगढला जेवायला उतरलो. तिथून कीर्तिपूरला परत जाणारी बस समोरच उभी होती. बांनी तिच्याकडं पाठ करून भात खाल्ला.

"बा," रोशनी म्हणाली, "शेताकडं कोण बघेल?"

"शेजारी."

"सांगितलंय त्याला?"

"आता फोन करतो."

त्यांच्याकडं पिशवीसुद्धा नव्हती. कोटाच्या खिशात एक कंगवा आणि नातीचा खुळखुळा, बस. सीमेजवळच्या भैरहव्याला उतरेपर्यंत कुणीच त्यांना काही विचारेनासं झालं होतं. मी तेवढा आईला फोन करून टाकला की एक पाहुणा जास्त येतोय, भात लावायचा.

सोनौलीच्या कमानीशी आम्ही तिघं सामान ओढत मागं राहिलो आणि बा नातीला कडेवर घेऊन पुढं निघाले. पायात त्याच स्लीपर. तिथं लहान मुलं घेऊन सीमा ओलांडणाऱ्यांना विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे. आपल्या बाजूच्या जवानानं त्यांना थांबवलं.

"बाबा, बच्ची किसकी है?"

"मेरी नातिनी।"

"कागज है कोई?"

बांनी आतल्या खिशातून पासपोर्ट काढला. तो त्यांनी संदीपकडून कधी मागून घेतला होता, मला माहीत नाही. कोरा करकरीत, निळा. जवानानं तो उघडला. फोटोकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. पोरीनं हात पुढं करून त्याच्या टोपीचा अंदाज घेतला. त्यानं हसून पासपोर्ट मिटला.

"ये तो हिंदुस्तानी है। और आप?"

बांनी टोपी सारखी केली. छाती जरा पुढं काढली.

"मैं?" ते म्हणाले. "मैं इनके साथ हूँ।"

जवान बाजूला झाला. आणि कुमारी इंद्रायणी संदीप सोनवणे आपल्या आजोबांना घेऊन भारतात आली.